आबांचा साधेपणा पुरे, आता दप्तर काढा

(दर १६ फेब्रुवारीला, पुण्यतिथीला, आर. आर. पाटील म्हणजेच आबांच्या नावानं कार्यक्रम घेणाऱ्या तासगाव-कवठेमहांकाळच्या कार्यकर्त्यांना खुले पत्र)

मंडळी, रामराम.

फेब्रुवारी जवळ आला की तुमची पत्रिका येते. सकाळी आबांच्या गावी अंजनीत अभिवादन, मग रक्तदान शिबिर, कुठल्यातरी शाळेत वह्यावाटप आणि संध्याकाळी सभा. सभेत मी मागच्या खुर्च्यांवर बसतो. भाषणं इतकी ठरलेली झाली आहेत, की वक्त्याचं पुढचं वाक्य मला आधीच माहीत असतं. आबा साधे होते. आबांचं घर साधं होतं. आबा उपमुख्यमंत्री झाले तरी गावाला विसरले नाहीत. मग एखादा गळा दाटून येतो, टाळ्या पडतात, आभारप्रदर्शन होतं आणि मंडपवाला खुर्च्या गोळा करायला लागतो.

यात खोटं काही नाही. माणूस साधाच होता, आणि त्यांच्या बरोबरीच्या पुढाऱ्यांकडं बघितलं की ते जास्तच जाणवतं. पण साधेपणा हा स्वभाव झाला. सहा वेळा आमदार, ग्रामविकास मंत्री, उपमुख्यमंत्री आणि मधला वर्षभराचा खंड सोडला तर जवळजवळ दहा वर्षं राज्याचे गृहमंत्री, एवढ्या पदांवर बसून या माणसानं काय केलं, काय करायचं राहिलं, कुठं चुकलं, यावर त्या सभेत एक अवाक्षर निघत नाही. मी पंचायत समितीत विस्तार अधिकारी म्हणून नोकरी केलेला माणूस. दप्तर तपासायची खोड जात नाही, म्हणून हे पत्र.

आबांच्या कारकिर्दीवर तासगावात शेवटची खरी चर्चा कधी झाली, आठवा. ऑक्टोबर २०२४. विधानसभेचा प्रचार सुरू होता आणि तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार तासगावच्या सभेत म्हणाले, की सिंचन घोटाळ्याच्या आरोपावरून माझी उघड चौकशी करावी अशा फाइलवर गृहमंत्री म्हणून आबांनी सही केली होती. केसानं गळा कापल्याची भाषा त्यांनी वापरली. आबांना जाऊन साडेनऊ वर्षं झाली होती. तुमच्यातल्या बहुतेकांना राग आला तो एवढ्याचाच, की गेलेल्या माणसाविषयी असं बोलू नये. राग रास्त आहे. पण त्या दिवशी विचारायचा प्रश्न दुसराच होता. आपल्याच पक्षाच्या, आपल्याहून ताकदवान नेत्याच्या चौकशीची फाइल टेबलावर आली आणि गृहमंत्र्यानं तिच्यावर सही केली असेल, तर तो दगा की त्याचं कामच ते? आबांच्या बाजूनं बोलायची याहून मोठी संधी कुठली होती? आणि ती आपण ‘आबा साधे होते’ म्हणत घालवली.

बरं, हा साधेपणा आला कुठून, तेही कुणी नीट सांगत नाही. आपल्या जिल्ह्यात पुढारी घडायची रीत ठरलेली आहे. आधी कारखाना, मग बँक, दूध संघ, सूतगिरणी, मग कॉलेज, आणि या सगळ्यावर आमदारकी. वसंतदादांनी सांगलीला कारखाना उभा केला, राजारामबापूंनी वाळव्यात संस्थांचं जाळं विणलं, पतंगरावांनी भारती विद्यापीठ काढलं. आबांकडं यातलं काही नव्हतं. सांगलीच्या शांतिनिकेतनात कमवा-शिका करून शिकलेला मुलगा १९७९ साली, वयाच्या विशी-बाविशीत, जिल्हा परिषदेत निवडून आला. अकरा वर्षं तिथं काढली आणि १९९० ला विधानसभेत गेला. पुढं मंत्री झाल्यावरही त्यांनी स्वतःच्या मालकीचा कारखाना काढला नाही की शिक्षणसंस्था काढली नाही.

याचा फायदा सगळे सांगतात, की हात स्वच्छ राहिले. त्याची किंमतही होती. कारखाना असलेला पुढारी पक्षश्रेष्ठींशी वाकडा होऊ शकतो, कारण उद्या मंत्रिपद गेलं तरी त्याचे सभासद, त्याचे कामगार, त्याची उसाची नोंद त्याच्याकडं राहते. आबांकडं होतं भाषण, विधिमंडळातला अभ्यास आणि शरद पवारांचा विश्वास. म्हणजे त्यांची सत्ता बरीचशी पदाची होती. पद असलं तर आबा, नसलं तर अंजनीचे आर. आर. म्हणून तर त्यांना जे करायचं ते सरकारी यंत्रणेतूनच करावं लागलं, अन् त्यातलं पहिलं काम खरोखर मोठं झालं.

आता मी माझ्या कामाच्या गोष्टीवर येतो. १९९९ ला आबा ग्रामविकास आणि पाणीपुरवठा खात्याचे मंत्री झाले आणि २०००-०१ ला संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. परिपत्रक आलं तेव्हा पंचायत समितीत सगळे हसले होते. कारण त्यात पैसेच नव्हते! गावानं आपल्या अंगमेहनतीनं आणि वर्गणीनं गाव साफ करायचं, गटारं काढायची, शोषखड्डे खणायचे, संडास बांधायचे, झाडं लावायची. मग समिती येणार, गुण देणार, नंबर आला तर बक्षीस. अनुदानाशिवाय गाव हलत नाही, हे आमच्या खात्याचं ब्रह्मवाक्य. त्याआधी अनुदानावर बांधलेल्या संडासांत काय होतं, ते आम्ही पाहिलेलं होतं. कुठं शेणी रचलेल्या, कुठं करडं कोंडलेली.

आणि गावं हलली. त्यामागचं गणित साधं होतं, पण ते आबांना उमगलं आणि सचिवालयातल्या हुशार माणसांना नाही. आपल्या गावांना पैशापेक्षा शेजारच्या गावाची ईर्षा जास्त. वरच्या गावाचा नंबर आला तर खालच्या गावाला झोप लागत नाही. जत्रेतल्या कुस्तीची ती ईर्षा आबांनी गटारात उतरवली. ज्या गावात दोन गट एकमेकांच्या लग्नाला जात नव्हते, तिथं समिती येणार म्हणून दोन्ही गट खराटे घेऊन एका गल्लीत उभे राहिलेले मी पाहिलेत. बायका पुढं आल्या, शाळेतली पोरं घरोघर जाऊन आजोबांना बिडीचं थोटूक उचलायला लावायची. सातारा जिल्ह्यातलं धामणेर याच अभियानातून राज्याला माहीत झालं. गाडगेबाबांचं नाव आपल्या भागाला नवं नव्हतं, कराडला रयतचं कॉलेजच त्यांच्या नावाचं. पण खराटा हातात घ्यायला अभियान यावं लागलं. पुढं २००३ मध्ये केंद्र सरकारनं निर्मल ग्राम पुरस्कार सुरू केला, त्याआधी महाराष्ट्रातल्या गावांनी ही वाट चालून दाखवली होती.

पण दप्तर काढायचं तर पूर्ण काढू. समितीच्या आदल्या रात्री जनरेटर लावून गाव साफ व्हायचं आणि समिती गेल्यावर आठवड्यात उकिरडा जागच्या जागी यायचा, हेही झालं. भिंतींवर सुविचार रंगवण्यात ग्रामपंचायतीचा पैसा गेला. भेटीला आलेल्या समितीचं स्वागत, फेटे, जेवणावळी यांचा बोजा कुणावर पडायचा, ते ग्रामसेवकांना विचारा. पुढं हागणदारीमुक्तीच्या नादात उघड्यावर बसणाऱ्यांना अडवणारी गुड मॉर्निंग पथकं आली, पहाटे शिट्ट्या मारत, गुलाबाची फुलं देत फिरली आणि त्यात बायाबापड्यांची अब्रू गेली. ज्यांच्याकडं संडास बांधायला जागाच नाही, त्यांनाही त्या शिट्ट्या ऐकाव्या लागल्या. यातलं किती आबांच्या कल्पनेत होतं आणि किती आम्ही खालच्या लोकांनी केलं, हा बोलण्यासारखा विषय आहे. तो बोलायला तुमच्या व्यासपीठावर आजवर एकाही ग्रामसेवकाला बोलावलेलं मला आठवत नाही. आमदार, माजी आमदार, बाजार समितीचे सभापती, झालंच तर एखादा कीर्तनकार. ज्यांनी प्रत्यक्ष ते अभियान ओढलं ते मागं, माझ्या रांगेत.

तंटामुक्तीचंही तसंच. १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम आली, तेव्हा आबा गृहमंत्री होते, पण डोकं तेच, ग्रामविकासवाल्याचं. बांधाचं, वाटेचं, भाऊबंदकीचं भांडण कोर्टात वीस वर्षं कुजवण्यापेक्षा गावात मिटवा. किती भांडणं मिटली आणि किती कागदावर मिटली, त्याच्या नोंदवह्या त्या वेळी गावोगाव ठेवल्या होत्या. शोधल्या तर अजून सापडतील. काही गावांत मात्र समितीचा अध्यक्ष हा गावातला नवा पाटील होऊन बसला, हे सांगायला वही लागत नाही.

गृहखात्याकडं वळलं की तुमच्या सभेतला आवाज एकदम खाली येतो. डान्सबार बंदी तेवढी छाती काढून सांगितली जाते. २००५ चा तो निर्णय गावाकडच्या बायकांनी डोक्यावर घेतला, हे खरं. पुढचं कुणी सांगत नाही. २००६ मध्ये उच्च न्यायालयानं तो कायदा रद्द केला आणि २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानंही तेच कायम केलं. एक मोठं कारण असं, की तीन तारे आणि त्यावरच्या हॉटेलांना कायद्यात सूट होती. म्हणजे गरिबाच्या बारमध्ये नाच अश्लील आणि श्रीमंताच्या हॉटेलात कला, असा अर्थ निघत होता. त्या बारमध्ये नाचून घर चालवणाऱ्या बायकांचं पुढं काय झालं, हा प्रश्न आपल्याकडं कुणी विचारला नाही, कारण त्या बायका आपल्या मतदारसंघातल्या नव्हत्या. हेतू चांगला आणि कायदा कच्चा, असं या प्रकरणाबद्दल माझं मत आहे. तुमचं वेगळं असेल तर मांडा की, त्यासाठीच तर सभा.

मग २६/११ चा मुंबईवरचा हल्ला. १६६ माणसं गेली. हल्ल्यानंतर पत्रकारांशी हिंदीत बोलताना, मोठ्या शहरांत अशा एखाद-दुसऱ्या घटना होत असतात, अशा अर्थाचं वाक्य आबा बोलून गेले. १ डिसेंबर २००८ ला उपमुख्यमंत्रिपद आणि गृहखातं दोन्ही गेलं. आपल्याकडं अजून म्हणतात, हिंदी कच्चं होतं म्हणून आबा अडकले. मला हे पटत नाही. ज्या माणसाच्या मराठी भाषणानं विधानसभा शांत व्हायची, त्याला शब्दाचं वजन कळत होतं. त्या वेळी तो शब्द चुकला आणि त्यांनी पद सोडून त्याची किंमत मोजली. हल्ली कुठला मंत्री एवढ्यावर जातो? तेव्हा हा प्रसंग लपवण्यासारखा नाहीच. गृहखातं गेलं तेही आपल्याच जिल्ह्यात, इस्लामपूरच्या जयंत पाटलांकडं. आणि २००९ च्या निवडणुकीनंतर ते आबांकडं परत आलं. परत आल्यावर त्यांनी नक्षलवाद्यांच्या गडचिरोलीचं पालकमंत्रिपद स्वतः मागून घेतलं, जिथं जायला मंत्री टाळाटाळ करत. पोलीस भरतीत वशिला चालेनासा झाला, असं आपल्या भागातली पोरं सांगतात. भरती झालेल्या त्या पोरांपैकी दोघाचौघांना बोलवा आणि त्यांच्याच तोंडून ऐकू या.

आणि आता ते, ज्याचा उच्चार आपण सगळेच टाळतो. २० ऑगस्ट २०१३. पुण्यात ओंकारेश्वराच्या पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या. मारलेला माणूस साताऱ्याचा. मुख्यमंत्री कराडचे. गृहमंत्री तासगावचे. सातारा-सांगलीच्या हातात एवढी सत्ता क्वचितच एकवटली असेल, आणि त्याच काळात आपल्याच मातीतल्या माणसाचा खून झाला. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी तो माणूस वर्षानुवर्षं झगडत होता. त्याचा अध्यादेश निघाला तो त्याच्या मरणानंतर चार दिवसांनी. तपास राज्याच्या पोलिसांना लागला नाही. मे २०१४ मध्ये उच्च न्यायालयानं तो सीबीआयकडं दिला, आणि दोघांना जन्मठेप झाली ती मे २०२४ मध्ये. आबा पुरोगामी होते असं तुम्ही दर सभेत म्हणता. मीही म्हणतो. मग त्यांच्या गृहखात्याला हा खून का रोखता आला नाही आणि तपास का अडखळला, हे विचारायला आपल्याला लाज का वाटावी? ज्या दिवशी आबा गेले त्याच दिवशी, १६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी, कोल्हापुरात कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरेंवर गोळ्या झाडल्या गेल्या. तुमच्या सभेची तारीख ती आहे. पानसऱ्यांचं नाव त्या व्यासपीठावरून मी एकदाही ऐकलेलं नाही.

२०१४ च्या प्रचारात एका विरोधी उमेदवारावरच्या बलात्काराच्या आरोपावरून आबा जे बोलले, ते मी इथं परत लिहीत नाही. गृहमंत्र्याच्या तोंडी ते शोभलं नाही, माफी मागावी लागली, आणि बाया-मुली ते विसरलेल्या नाहीत.

पाण्याचं थोडक्यात सांगतो, कारण ते तुम्हाला माझ्याहून चांगलं माहीत आहे. एवढी वर्षं मंत्री राहूनही तालुक्याचा पूर्वेकडचा भाग टँकरची वाट बघत राहिला. २०२३ मध्ये टेंभू उपसा योजनेच्या पाण्यासाठी आबांच्या पत्नी सुमनताई आणि मुलगा रोहितला सांगलीत उपोषणाला बसावं लागलं, यातच काय ते आलं. त्या वेळी टाळ्या वाजवणाऱ्यांनी एवढं तरी विचारायचं होतं, की हे आधी का झालं नाही. उत्तर एकट्या आबांकडं नसेल, निधी, कृष्णेच्या पाणीवाटपाचा लवाद, वीजबिल, पाटबंधारे खातं दुसऱ्याकडं, हे सगळं असेल. पण मग तसं सांगा.

शेवटचा मुद्दा तब्येतीचा. आबा तोंडाच्या कॅन्सरनं गेले, सत्तावन्नाव्या वर्षी. त्यांना तंबाखूची सवय होती, ही काही गुप्त गोष्ट नव्हती. शरद पवार स्वतःच्या तोंडाच्या कॅन्सरविषयी आणि गुटख्याविषयी जाहीर सभांत उघडपणे बोलत आले आहेत, त्यामुळं त्यांचं मोठेपण काही कमी झालं नाही. आपण मात्र आबांच्या सभेत ‘दुर्धर आजारानं’ एवढंच म्हणतो. आणि मंडपाच्या मागं बघावं तर रक्तदान करून आलेली पोरं हातावर चुना-तंबाखू मळत उभी. रक्तदान चालू ठेवा, ते चांगलंच आहे. त्याच मंडपात दोन दातांचे डॉक्टर बसवा आणि येईल त्याचं तोंड तपासा. बेदाण्याच्या शेडवर दिवसभर गाल भरून काम करणाऱ्या बायांना मुद्दाम गाडी पाठवून आणा.

सभेचं म्हणाल तर माझं मागणं मोठं नाही. येत्या वर्षी पुढाऱ्यांची भाषणं अर्ध्या तासात संपवा. मग आबांची विधानसभेतली दोन भाषणं कुणीतरी वाचून दाखवू दे. विधिमंडळाच्या कामकाजात ती छापलेली आहेत, मिळवायला फारसा खटाटोप नाही. एक विरोधी बाकावरचं असू दे, १९९५ ते ९९ मधलं, आणि एक गृहमंत्री असतानाचं. त्यांनी काढलेली महत्त्वाची परिपत्रकं, तंटामुक्तीच्या वह्या, अभियानातले फोटो, गुणपत्रकं गावोगावहून गोळा करा आणि तासगावच्या वाचनालयात एक कपाट करून ठेवा. जिल्हा परिषदेतली त्यांची अकरा वर्षं तर कुणालाच माहीत नाहीत. सभांची इतिवृत्तं सांगलीत असणार. २०२२ नंतर आपल्या जिल्हा परिषदेवर वर्षानुवर्षं प्रशासक बसला आणि कुणाचं काही अडलं नाही. आबांसारखा कारखाना नसलेला मुलगा वर येण्याची ती एकच शिडी होती, हे त्या इतिवृत्तांतून तरुणांना दिसेल.

रोहित आता २०२४ पासून आमदार आहेत, राज्यातले सगळ्यांत तरुण. त्यांच्याकडं बघून वक्ते म्हणतात, हुबेहूब आबा. असं म्हणून आपण त्यांच्यावर उपकार करत नाही. वडील कुठं जिंकले आणि कुठं अडकले, हे त्यांना आपल्याच माणसांकडून स्पष्ट कळलं तर त्याचा उपयोग होईल, विधानसभेतही आणि सावळजच्या चावडीतही.

हे पत्र वाचून काही जण म्हणतील, म्हातारा विरोधकांना मिळाला. म्हणू देत. अभियानात काम केलेले आठ-दहा ग्रामसेवक, दोन मुख्याध्यापिका आणि एक निवृत्त फौजदार बोलायला तयार आहेत, मी त्यांच्याशी बोललो आहे. त्यातले दोघं आता फार चालू शकत नाहीत, त्यांच्यासाठी गाडीची सोय तेवढी तुम्ही करा. पत्रिका छापायच्या आधी निरोप द्या, म्हणजे नावं कळवतो.

आपला,
तासगाव तालुक्यातला एक निवृत्त विस्तार अधिकारी